मधे कोण उभं राहणार?

आमचे थोरले काका वर्षभर माझ्याशी बोलत नव्हते. भांडण वाड्याच्या हिश्शावरून नव्हतं. ते भांडण थोरले काका आणि धाकटे काका यांच्यातलं आहे आणि ते एकोणीस वर्षं नीट, शिस्तीत चालू आहे. माझ्याशी बिनसलं ते चार बोटांवरून.

झालं असं, की गेल्या वर्षी माघात आमच्याकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा पोटात गेल्यावर वातावरण जरा निवळलं आणि दोघे काका चुकून एकाच सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. असा योग आमच्या घराण्यात कपिलाषष्ठीलाच येतो. मी धावत आत गेलो, दहा दिवसांपूर्वी घेतलेला नवाकोरा फुल फ्रेम कॅमेरा आणला, दोघांच्या पुढ्यात गुडघे टेकले आणि लेन्सचं तोंड सताड उघडं ठेवून फोटो काढला. धाकटे काका तेवढ्यात चार बोटं पुढे झुकले होते. बस, एवढंच. फोटोत धाकट्या काकांच्या भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा असा आला. थोरल्या काकांच्या जागी मात्र दुधात भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी होतं. त्याने चष्मा घातला होता.

"हा कोण?" थोरल्या काकांनी विचारलं.

"तुम्हीच, काका. फोटोत मागचं सगळं असं विरघळतं ना, त्याला बोके म्हणतात."

"काय म्हणतात?"

"बोके."

काका सावकाश उठले. उपरणं झटकलं. "म्हणजे धाकटा तो माणूस, आणि मी बोका!" असं म्हणून जे निघाले, ते थेट जिन्यात.

मी मागून ओरडून सांगितलं, की हा जपानी शब्द आहे. त्या जपानी शब्दाचा दुसरा अर्थ म्हातारपणी बुद्धीला येणारा धूसरपणा असाही होतो, हे मात्र सांगितलं नाही. तेवढा समंजसपणा माझ्यात आहे.

आता हा कॅमेरा मी घेतला कशाला, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. बायकोलाही पडला आहे. सात वर्षं माझ्याकडे एक साधा, गरीब स्वभावाचा क्रॉप कॅमेरा होता. त्याने कधी तक्रार केली नाही, मीही केली नाही. पण माझा एक मित्र आहे. त्याच्या मते जगातल्या प्रत्येक दुःखावर लेन्स हा उपाय आहे, आणि लेन्सने न भागल्यास बॉडी. टिळक रस्त्यालगतच्या एका अमृततुल्यात तो मला दर रविवारी भेटतो आणि लग्न न झालेल्या मुलाकडे मावश्या बघतात तसा माझ्या कॅमेऱ्याकडे बघतो.

"क्रॉपवर किती दिवस काढणार अजून?"

हे वाक्य तो 'भाड्याच्या खोलीत किती दिवस काढणार' या चालीवर म्हणायचा. चार वर्षं ऐकून घेतलं, पाचव्या वर्षी मी विरघळलो. किमतीत एक स्कूटर आली असती, वर हेल्मेटही आलं असतं. हेल्मेट आम्ही पुणेकर वापरणार नाही ही गोष्ट वेगळी.

खरेदीच्या आदल्या दिवशी जिन्यात उभं राहून मी मित्राशी फोनवर बोलत होतो. "जुनी बॉडी घरातच आहे, कपाटात गुंडाळून ठेवलीय. कुणी घेतं का बघतोय. नवी बॉडी उद्या दुपारी ताब्यात मिळेल." शेजारच्या आजी भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. त्या तीन पायऱ्या खाली गेल्या. संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन 'सहज' म्हणून आले, आणि बसल्या जागेवरून आमच्या कपाटाकडे बघत चहा प्यायले.

घरी आणल्यावर मी बायकोला समोर बसवून फुल फ्रेमचं महत्त्व समजावलं. कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाश टिपणारा जो चौकोन असतो तो सेन्सर. जुन्याचा साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटर. नव्याचा ३६ बाय २४. म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोन पटीच्याही वर.

"क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये वाढलं म्हणून एवढे पैसे?" ती म्हणाली. "बाणेरला चौरस फुटात एवढ्याने वाढत नाहीत."

मग मी इतिहासाकडे वळलो. हा ३६ बाय २४ चा आकार काढला ऑस्कर बार्नाक नावाच्या जर्मन कारागिराने. सिनेमाच्या ३५ मिलिमीटरच्या फितीवर १८ बाय २४ ची चित्रं असत, फीत कॅमेऱ्यातून उभी धावे. बार्नाकने ती फीत आडवी घातली, चित्र दुप्पट केलं आणि त्यातून लायका कॅमेरा तयार झाला. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांपुढे आला. "आणि लक्षात घे," मी म्हणालो, "कोल्हापूरची प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यात आली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, लॉ कॉलेज रस्त्यावर, त्याच आवारात हीच फीत उभी धावत होती. म्हणजे आपल्या घरापासून दीड किलोमीटरवर!"

"पण त्या बार्नाकने हे केलं कशाला?"

"त्याला दम्याचा त्रास होता. तेव्हाचे अवजड कॅमेरे घेऊन डोंगर चढवत नसे. म्हणून त्याने हलका कॅमेरा बनवला."

"म्हणजे एका दमेकऱ्याने ओझं कमी व्हावं म्हणून काढलेलं हे माप," बायको माझ्या गळ्यातल्या दीड किलोच्या धोंडीकडे बघत म्हणाली, "आणि तू ते बांधून पर्वतीच्या पायऱ्यांवर धापा टाकत बसणार."

यावर इतिहासात उत्तर नव्हतं.

खरी गंमत कॅमेरा वापरायला लागल्यावर कळली. आपण क्रॉप कॅमेरा वापरतो म्हणजे काय करतो, हे मला एका भाकरीने शिकवलं. घरात एखादं लाडावलेलं पोर असतं बघा, ते मधली मऊ भाकरी खातं आणि कडा ताटात ठेवतं. क्रॉप कॅमेरा तसा. लेन्स बिचारी अख्खी भाकरी भाजून पाठवते, हा मधला घास उचलतो. सात वर्षं मी मधलाच घास खात होतो आणि भाकरी फार छान होते असं चारचौघांत सांगत होतो. फुल फ्रेमला कडेसकट खावी लागते. आणि माझ्याकडच्या लेन्सा कडेला कच्च्या होत्या, वर करपलेल्याही.

माझी मुख्य लेन्स म्हणजे बाबांची. पन्नासची. फिल्मच्या काळातली, १९८४ साली त्यांनी बोनसमधून घेतलेली. जुन्या कॅमेऱ्यावर तिचे फोटो कसे सोन्यासारखे यायचे. नव्यावर लावली आणि चारी कोपऱ्यांत संध्याकाळ झाली. मधे बारा वाजताचं ऊन, कोपऱ्यांत दिवेलागण. त्यात कोपऱ्यातली झाडं अशी पुसट, की कुणीतरी ओल्या बोटाने फिरवल्यासारखी. आईला दाखवला, तर ती म्हणाली, "चांगलाय. पण जरा ऊन पडल्यावर काढायचास."

कडांचा दुसरा ताप म्हणजे त्यांतून माणसं आत येतात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा माझा एक फोटो होता, जुन्या कॅमेऱ्याने काढलेला. नुसता दरवाजा, ते हत्तींसाठी ठोकलेले अणकुचीदार खिळे, आणि शांतता. पेशवे आत्ताच आत गेले असावेत असं वाटायचं. त्याच फरशीवर, तीच लेन्स लावून नव्या कॅमेऱ्याने फोटो काढला. दरवाजा आला, खिळे आले, आणि डाव्या कडेने एक फुगेवाला, उजवीकडून सेल्फीसाठी ओठांचा चंबू केलेली तीन मुलं, त्यांच्या मागे एक कलिंगडाची फोड, आणि अगदी कोपऱ्यात माझी बायको, घड्याळाकडे बघताना. हे सगळं सात वर्षं तिथेच होतं. जुना कॅमेरा सभ्य होता, तो बघत नव्हता.

मित्राला सांगितलं. तो चहाचा घोट घेत म्हणाला, "कडा करपतायत? लेन्स बदल."

"आणि माणसं आत येतायत त्याचं?"

त्याने खरोखर विचार केला. "त्यालाही लेन्सच."

फेब्रुवारी संपता संपता आम्ही भिगवणला गेलो. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर, उजनी धरणाचं पाणी मागे पसरतं तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. आत्या बरोबर होती. रोहित बघायला चाललोय म्हटल्यावर तिने मोठ्या उत्साहाने विचारलं होतं, "तो क्रिकेटवाला?" पहाटे चारला उठून, थंडीत कुडकुडत, आम्ही होडीत बसलो. माझ्याकडे तीनशेची लेन्स होती. जुन्या कॅमेऱ्यावर हीच लेन्स साडेचारशेसारखी वागायची. कारण तेच, मधला घास. नव्यावर ती आपल्या जन्मदाखल्याप्रमाणे तीनशेच राहिली. मी डोळा लावला आणि रोहित पक्षी, जे मागच्या वर्षी चौकट भरून उभे होते, ते पार बारामतीच्या बाजूला सरकले.

नावाडी बराच वेळ गप्प होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "सायेब, हितं पाचशे-सहाशे लागतं. मागच्या वर्षी आला हुता तवा तुमचा कॅमेरा चांगला हुता."

"हा नवीन घेतलाय."

"असू द्या," तो म्हणाला. एखाद्याच्या घरी वाईट बातमी कळल्यावर म्हणतात तसा.

घरी येऊन फोटो टीव्हीवर लावले. क्षितिजावर गुलाबी ठिपक्यांची एक ओळ. आत्या चष्मा लावून जवळ गेली. "यातला रोहित कुठला?"

"सगळेच."

"मला वाटलं, रांगोळी सांडलीय."

इकडे थोरल्या काकांचं प्रकरण मनाला लागलं होतंच. मी शपथ घेतली, की यापुढे आपल्या फोटोत कुणीही बोका होणार नाही. लहान कॅमेऱ्यावर हा प्रश्न एवढा नव्हता. त्याच पन्नासच्या लेन्सने दोघांना चौकटीत बसवायला मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे जायचो. लांबून काढलं की पुढचा-मागचा दोघेही स्पष्ट येतात. फुल फ्रेमवर तेवढंच दिसायला दोन पावलं पुढे यावं लागतं, आणि जवळ आलं की चार बोटांचं अंतरही घराणं फोडायला पुरतं. उपाय एकच होता, लेन्सचं भोक बारीक करायचं. मी ते सोळावर नेलं आणि तिथेच ठेवलं. ऊन असो, अंधार असो, सोळा. आता सगळे स्पष्ट. काका स्पष्ट, काकू स्पष्ट, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर स्पष्ट, त्यावरची दुधाची खाडे मांडलेली गणितं स्पष्ट.

आणि सेन्सरवरची धूळही स्पष्ट. हे मात्र मला माहीत नव्हतं. भोक मोठं असेपर्यंत धूळ अदृश्य असते. भोक बारीक केलं की तिची सावली टोकदार होते आणि फोटोत काळा ठिपका उमटतो. मी उन्हाळाभर रस्त्याच्या कडेला लेन्सा बदलत फिरलो होतो, आणि पुण्यात रस्त्याच्या कडेला काय उडतं हे सांगायला नको. खडकवासल्याच्या पाण्यामागे सिंहगड, वर निळं आभाळ, असा फोटो सासऱ्यांना दाखवला. त्यांनी बोट ठेवलं. "वा! घारी बऱ्या सापडल्या हो तुम्हाला. पाच आहेत."

मी क्षणभर बघितलं आणि म्हणालो, "हो, बराच वेळ थांबावं लागलं."

खोटं बोलायला नको होतं. पुढच्या आठवड्यात पर्वतीवरून काढलेला शहराचा फोटो दाखवला, तर सासरे म्हणाले, "याही पाचच?" मेमध्ये मेव्हणीच्या बाळाचं बारसं झालं. पाळणा, फुलांच्या माळा, वर हॉलचं पांढरंशुभ्र छत. फोटो बघताना सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जावईबापू, पाळण्यावरसुद्धा घारी?"

सेन्सर साफ करण्याबद्दल घरात प्रत्येकाकडे स्वतंत्र विचार होता. आई म्हणाली, ओल्या फडक्याने पुसून घे. काकू म्हणाल्या, उन्हात ठेव. आत्याने देवघरातून कापसाची एक छान वळलेली फुलवात आणून दिली. मित्र म्हणाला, तू हात लावू नकोस, पण हात न लावण्यासाठी एक यंत्र मिळतं. मी कुणाचंच ऐकलं नाही. दिव्याखाली कॅमेरा उघडा धरला आणि हलकीशी फुंकर मारली. आदल्या मिनिटाला मी लसणाची चटणी खाल्ली होती. पुढच्या फोटोत पाच घारी होत्याच, आता त्यांच्या खाली एक छोटं तळंही आलं होतं.

शेवटी एका दुकानात पैसे मोजून ते साफ करून घेतलं. तिथल्या मुलाने सेन्सरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "लसूण?"

भाद्रपद आला. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी मोठ्या विश्वासाने मला बोलावलं. नवीन रोषणाई होती, सगळी एलईडीची. नव्या कॅमेऱ्यात एक सोय होती, आवाज न करता फोटो काढायची. मला ती फार सुसंस्कृत वाटली. मी ती चालू केली. विसर्जन मिरवणुकीत, पन्नास ढोल आणि वीस ताशांच्या मधे, माझ्या शटरच्या आवाजाने कुणाला त्रास होऊ नये, ही त्यामागची भावना होती.

रात्री फोटो उघडले. प्रत्येक फोटोत, बाप्पाच्या मखरापासून ढोलवाल्याच्या फेट्यापर्यंत, आडवे काळे-पांढरे पट्टे. कारण कळलं ते दुसऱ्या दिवशी. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही. पण आवाज न करणारं शटर चित्र एकदम न टिपता वरून खाली ओळी-ओळीने वाचत जातं. वाचताना दिवा पेटला तर उजेडाची ओळ, मिणमिणला तर काळोखाची. मंडळाच्या अध्यक्षाने सगळे फोटो शांतपणे पाहिले.

"काका, आमची मिरवणूक झेब्रा क्रॉसिंगवरून गेली का?"

"तांत्रिक अडचण आहे रे."

"नाही, छानच आहे. पुण्यात एवढं ठळक झेब्रा क्रॉसिंग पहिल्यांदाच बघितलं."

बायको म्हणाली, तू आता गळ्यात पाटी अडकव. 'फोटो काढून मिळतील. फोकस, घारी व पट्टे यांविषयी चौकशी केल्यास अपमान होईल.'

आणि मग भाऊबीज आली. आत्याकडे सगळे जमतात. थोरले काका बहिणीकडे आल्यावाचून राहत नाहीत, त्यामुळे माझ्याशी न बोलता ते आले होते. आता मला सगळं कळत होतं. धूळ काढलेली, आवाजाचं शटर, भोक सोळावर नाही आणि सताडही नाही, चारवर. बाबांची पन्नासची लेन्स. मी जाहीर केलं, की या वेळी पुढचे-मागचे सगळे स्पष्ट येतील, फक्त कडेच्या लोकांची खात्री नाही. कडा जरा कच्च्या राहतात.

हे सांगायला नको होतं. कडेचे लोक जागा सोडून मधे आले. मधल्यांनी जागा सोडली नाही. लग्नात पंगतीत पाटावरून होत नसतील एवढे मानापमान त्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये झाले. थोरल्या काकांनी काकूंकरवी निरोप धाडला, "त्याला सांग, वयाने मोठा मी आहे. मधे मी." धाकटे काका म्हणाले, वय बघायचं तर दादा बसेल, मधे उभा मी. मावशी म्हणाल्या, मी लांबून आलेय. किती लांबून, तर चिंचवडहून. शेवटी मधल्या तीन फुटांत अकरा माणसं उभी राहिली, श्वास रोखून. एकटी आत्या कडेला होती. ती नेहमीच कडेला असते. ओवाळणीचं तबक, नाहीतर झारा, नाहीतर पाण्याचा तांब्या तिच्या हातात असतो. माझ्या सात वर्षांच्या अल्बममध्ये आत्या आहे ती अशी: एक कोपर, पदराचं टोक, बांगड्यांसह मनगट. बाकीची क्रॉपमध्ये गेली.

भाच्याने फोटो लगेच टीव्हीवर लावला. पंचावन्न इंची टीव्ही. साडेचार कोटी पिक्सेल. अकराही माणसं अशी लख्ख, की हॉलमध्ये आधी आनंदाचा चीत्कार झाला. मग भाच्याने फोटो मोठा केला. चीत्कार थांबला.

माझ्या कॅमेऱ्याने काहीही सोडलं नव्हतं. काकूंच्या डोळ्यांखालची वर्तुळं, धाकट्या काकांच्या कलपाची सीमारेषा जिथे संपते आणि सत्य जिथे सुरू होतं ती जागा, मावशींच्या नाकावरचा पावडरीचा थर आणि त्या थराला पडलेल्या भेगा. मेव्हण्यांच्या बारीक चौकडीच्या शर्टावर तर पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखे रंग आले होते. तेही माझ्या कॅमेऱ्याचंच देणं, पण त्यांनी वॉशिंग पावडर बदलली.

थोरले काका उठून टीव्हीजवळ गेले. स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. माझ्याकडे न बघता काकूंना म्हणाले, "त्याला विचार, हा डाग माझ्यावर आहे का त्याच्या सेन्सॉरवर?"

"सेन्सर," मी म्हणालो. "साफ केलाय, काकू."

"साफ केलाय म्हणतोय," काकू म्हणाल्या.

काका परत येऊन बसले. खोली इतकी शांत झाली, की आत्याच्या हातातलं तबक वाजलं. भाच्याने चुळबुळत चित्र कडेला सरकवलं आणि कोपऱ्यात आत्या दिसली. पहिल्यांदा अख्खी. पण लेन्सच्या कच्च्या कडेत सापडलेली. चेहऱ्यावरची एकही सुरकुती लेन्सला धरता आली नव्हती. कातडी साईसारखी, डोळे मोठे, मागून जरा अंधार दाटलेला आणि त्यात निरांजनाचा तेवढा उजेड.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही तर प्रभातच्या नटीसारख्या दिसताय."

आत्याने तबक खाली ठेवलं. तिने आयुष्यात कधी कुठला फोटो मागितला नव्हता. "हा मला मोठा करून दे रे," ती म्हणाली. "एवढाच कोपरा."

मावशींनी मला हळूच बाजूला घेतलं. "कडेला उभं राहिलं की असंच येतं का? कुठल्या कडेला? डाव्या की उजव्या?"

मी खरं तेच सांगितलं, की या लेन्सच्या दोन्ही कडा सारख्याच कच्च्या आहेत. बातमी फराळाच्या ताटांपेक्षा लवकर फिरली. रविवारी मित्राला म्हणालो, लेन्स बदलायची नाही, घरचे बदलू देत नाहीत. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या शास्त्रात हे वाक्यच नव्हतं.

यंदाच्या माघात पुन्हा आमच्याकडे सत्यनारायण झाला. आरती आटोपली, मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि सवयीने म्हणालो, "चला, या मधे." कुणी हललं नाही. मग सगळे एकदम हलले. धाकटे काका तडक डाव्या भिंतीला जाऊन चिकटले. मावशी उजवीकडच्या फ्रिजशेजारी. काकूंनी आत्याला "वन्सं, तुम्ही दरवेळी कडेलाच असता, आता आम्हालाही मिळू दे" असं प्रेमाने सुनावलं. मेव्हणे साधा पांढरा शर्ट घालून आले होते आणि पडद्यामागे अर्धे गेले होते. दोन्ही भिंतींना माणसांची जत्रा, आणि मधे चौरंग, केळीचे खुंट, पंचामृताची वाटी. बाकी रिकामं.

गुरुजी दक्षिणा कनवटीला लावत होते. त्यांनी मान वर केली. "हे काय? मधे कोण उभं राहणार?"

"तुम्ही, गुरुजी," तीस माणसं एकसुरात म्हणाली. "मान तुमचा!"

गुरुजी भोळे. उभे राहिले. मी बटण दाबलं. त्यांच्या दोन दिवसांच्या दाढीचा खुंट न् खुंट, कपाळावरच्या गंधाची चीर, उपरण्यावरचा तुपाचा थेंब, सगळं साडेचार कोटी पिक्सेलमध्ये कायमचं नोंदलं गेलं. दोन्ही कडांना आमचं समस्त घराणं, तरुण, धूसर आणि समाधानी. माझ्या कॅमेऱ्यात एक बटण आहे, ते दाबलं की तो परत जुन्यासारखा क्रॉप होतो, मधला घास तेवढा घेतो. त्या दिवशी चुकून ते दाबलं गेलं असतं तर वंशावळीत एकटे गुरुजी उरले असते.

पाहुणे पांगले. मी लेन्सला झाकण लावत होतो तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं. थोरले काका. त्यांनी धाकटे काका चपला शोधताहेत याची खात्री करून घेतली, सोफ्याच्या त्याच जागेवर बसले, उपरणं नीट केलं आणि वर्षभरानंतर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले.

"माझा एकट्याचा एक काढ. मागच्या वर्षीसारखा."

"म्हणजे कसा, काका?"

काकांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बोका."